होडीच्या ट्रेलरला भेग किंवा गंज: वेल्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं फॅब्रिकेशनचं शेड गोव्यात डिचोलीच्या बाजूला आहे. वेल्डिंग शिकलो ते नदीकाठच्या यार्डात, खनिज वाहणाऱ्या बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू जहाजाच्या) पोटात बसून. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, बार्जचं काम आटलं, आणि मग गेट-जिन्यांच्या जोडीला होड्यांचे ट्रेलर यायला लागले. आता मे महिन्यात होड्या वर काढताना आणि जुलैअखेर परत पाण्यात सोडताना फोन थांबत नाही. फोटो येतो, खाली प्रश्न येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एकाचं उत्तर पुष्कळदा दुसऱ्यात असतं.

१. ट्रेलरच्या सांगाड्याला भेग गेलीय. वेल्डिंग मारून भागेल की सांगाडा नवा करावा लागेल?

भेगेच्या आजूबाजूचं लोखंड कसं आहे, त्यावर सगळं ठरतं. भेग चांगल्या, जाड लोखंडात असेल तर ती नीट खणून भरता येते आणि ट्रेलर पुढे कित्येक वर्षं चालतो. पण पाइप आतून पोखरला असेल आणि त्यामुळे भेग पडली असेल, तर वेल्डला धरायला काहीच उरत नाही. तिथे आज भरलं की उद्या वेल्डच्या कडेला लागूनच नवी भेग निघते. आधी जाडी बघा (प्रश्न ३ आणि ४), मग ठरवा. दोन्ही मुख्य लांब पाइप ठिकठिकाणी पोखरलेले लागत असतील तर मी दुरुस्ती घेत नाही. चाकं, अ‍ॅक्सल, विंच (होडी ओढून चढवायची चरखी) काढून नव्या सांगाड्यावर चढवायला सांगतो.

२. होडी तर हलकी आहे, आणि ट्रेलर वर्षातून चार वेळा रस्त्यावर येतो. मग भेग पडतेच कशी?

लोखंड एका दणक्यात क्वचितच तुटतं. तेच तेच वाकणं हजारो वेळा झालं की ते थकतं. प्रत्येक गतिरोधकावर, जेटीच्या उतरणीवरच्या प्रत्येक खाचेत सांगाडा थोडा वाकतो आणि परत सरळ होतो. ही थकवा-भेग सुरू होते ती बहुतेक वेळा जुन्या वेल्डच्या कडेला. ठरलेल्या जागा आहेत: पुढचा दांडा जिथे आडव्या पाइपला मिळतो तो सांधा, पाट्यांचे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, विंचच्या खांबाचा पाया आणि यू-बोल्टखालची जागा.

म्हणून ट्रेलर आला की मी भेगेआधी होडी कशी बसते ते विचारतो. एकदा पेडण्याकडून एक ट्रेलर आला. मधल्या आडव्या पाइपवर तिसऱ्यांदा भेग होती, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी आधीपेक्षा जाड पट्टी ठोकलेली. होडी चढवून बघितली तेव्हा कळलं की कण्याखालचा मागचा रोलर गळून पडलाय आणि तिथे फक्त कंस उरलाय. कण्याचा सगळा भार त्या एकाच मधल्या पाइपवर टेकत होता. दाबाने पाइपवरचा रंग घासून आरशासारखी चकचकीत रेघ उमटली होती. ती रेघ आधीच्या दोन दुरुस्त्यांमध्ये कुणाच्या नजरेला पडली नव्हती. रोलर बसवला, भेग भरली, जाड पट्ट्या कापून काढल्या. आउटबोर्ड इंजिन मागे लटकतं ठेवून, होडी मागच्या बाजूला न बांधता ओढली तरी हाच प्रकार होतो. अशी होडी प्रत्येक खड्ड्यात उचलते आणि सांगाड्यावर आपटते.

कारण शोधल्याशिवाय भरलेली भेग परत येते. या पानावरचं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

३. वरून रंग छान आहे. पाइप आतून गेलाय हे ओळखायचं कसं?

चौकोनी बॉक्स पाइपचा गंज आतून बाहेर येतो. ट्रेलर पाण्यात उतरला की खारं पाणी उघड्या टोकातून किंवा बोल्टच्या भोकातून आत शिरतं, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच राहतं. ब्रश तिथे पोचत नाही. बाहेरून दरवर्षी निळा रंग आणि आतून दरवर्षी थोडं लोखंड कमी, असं चालू राहतं.

लहान हातोडी घ्या आणि पाइपच्या खालच्या बाजूने टकटक करत जा. चांगलं लोखंड खणखणतं. गेलेलं लोखंड मडक्याला भेग गेल्यावर येतो तसा बद्द आवाज देतं. बद्द वाटलं तिथे टोकदार लोखंडी पंच धरून एक बेताचा ठोका मारा. पंच रुतला किंवा खळगा पडला तर ती जागा संपली. रंगाखाली बारीक फोड आलेले दिसले, किंवा सांध्याच्या फटीतून तपकिरी ओघळ येत असेल, तर गंज आतून दाबतोय असं समजा. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये सापडला तर जाड प्लेटसुद्धा फुगवतो.

माझी शेवटची परीक्षा ड्रिलची. पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी तळातून ५ मिलिमीटरचं भोक पाडतो. गेल्या वर्षी असंच एक भोक पाडलं तर आधी चहासारखं पाणी आलं, मग काळी रेती, आणि शेवटी पापुद्र्यांचा चुरा. रेती हातावर घेतली तर त्यात शिंपल्याचे तुकडे होते. दोन महिने सुक्यात उभा असलेला ट्रेलर होता तो. वाया जात नाही ते भोक, पुढे पाणी निचरायला मोठं करून तसंच ठेवतो (प्रश्न १३).

४. जाडी किती उरली असेल तर वेल्ड करावं?

ड्रिलच्या भोकातून टोक वाकवलेली तार घालून, आतल्या काठाला अडकवून जाडी मोजता येते. भोकाच्या काठावर ड्रिलने उचललेली धार असेल तर आधी घासून घ्या. मोठ्या वर्कशॉपमध्ये अल्ट्रासॉनिक जाडीमापक असतो. त्याने पाइप न भोसकता काम होतं, फक्त त्या जागेचा रंग आणि सुटे पापुद्रे काढावे लागतात.

साध्या ट्रेलरचा बॉक्स पाइप बहुधा ३ मिलिमीटरचा असतो. २.५ च्या वर असेल तर मी बिनधास्त भेग भरतो. २ च्या आसपास असेल तर म्हणजे एक तृतीयांश लोखंड गेलं. तो तुकडा कापून नवा जोडतो. त्याहून पातळ पाइपला रॉड (वेल्डिंगची कांडी) लावला की पाइप वितळून भोक पडतं, ते भरायला गेलं की मोठं होतं. जोडतुकडा टाकताना पाइप काटकोनात कापू नका, तिरका कापा. तिरक्या सांध्यात वेल्डची लांबी वाढते आणि सगळा जोर एका रेषेत येत नाही.

५. आमची होडी समुद्रात जातच नाही, नदीतच असते. तरी एवढा गंज?

कारण ती नदी भरतीची आहे. मांडवीत भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो, आणि झुवारीचंही तसंच आहे. पावसाळ्यात वरून गोडं पाणी लोटतं तेव्हा खारेपणा मागे हटतो. मार्च-एप्रिलमध्ये नदीला वरचं पाणी जवळजवळ नसतं आणि खारं पाणी खूप आत येतं. ज्या जेटीवर ऑगस्टमध्ये पाणी गोडं लागतं, तिथेच एप्रिलमध्ये चाखून बघा.

६. वेल्डरकडे आणण्याआधी काय काय काढून आणू?

होडी आधी. फायबरच्या होडीखाली वेल्डिंग करायला मी कधीही तयार होत नाही. रेझिन पेट घेतं, आणि इंजिनच्या टाकीत, नळीत पेट्रोल असतं. मग चाकं. रिमजवळ उष्णता गेली तर टायर आतून तापून फुटू शकतो, हवा काढली तरी धोका पूर्ण जात नाही. दिव्यांच्या वायरी, रबरी रोलर, होडी टेकायचे लाकडी पाटे आणि त्यावरचं कार्पेट हेही काढा.

त्यानंतर धुणं, आणि इथे पुष्कळजण चुकतात. मीठ गंजाच्या खळग्यात बसलेलं असतं. तसंच ग्राइंडर फिरवला तर मीठ लोखंडात आणखी चोपलं जातं, आणि संध्याकाळपर्यंत चकाचक केलेल्या जागेवर केशरी छटा येते. आधी सुटे पापुद्रे ठोकून काढा, मग गोड्या पाण्याने जोरात धुवा, वाळवा, आणि मगच घासा. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. जिभेला खारट लागत असेल तर ते वापरू नका. तेलकट जागा पुसायला ब्रेक क्लीनर नको. त्यातल्या क्लोरीनवाल्या द्रवाची वाफ वेल्डिंगच्या प्रकाशात फॉस्जीन नावाचा विषारी वायू बनते.

अर्थिंगची क्लिप वेल्डच्या जवळ, त्याच पाइपवर लावायची. अ‍ॅक्सलच्या पलीकडे लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पाडतो. मग महिन्याभरात चाक घुरघुरायला लागतं आणि कुणाला कारण कळत नाही.

७. भेगेवर सरळ रॉड फिरवला तर बिघडलं काय?

वर टोपी बसते, खाली भेग तशीच राहते. तीच भेग मग नव्या वेल्डमधून वर येते.

आधी भेगेचं खरं टोक शोधायचं. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे ती थोडी गेलेली असते. डीपी टेस्टचे (रंग मुरवून भेग शोधायच्या चाचणीचे) तीन डबे मिळतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल रंग भेगेत मुरू द्यायचा, वरचा पुसायचा, पांढरा मारायचा. मग भेग लाल केसासारखी उमटते. डबे नसतील तर जुनी पद्धत आहे: रॉकेल लावून, पुसून, वर चुना फासायचा. भेगेतलं रॉकेल चुन्यात ओलं होऊन दिसतं. वेल्डआधी तो चुना आणि रॉकेल पूर्ण काढून टाकायचं.

टोक सापडलं की त्याच्या किंचित पुढे ५-६ मिलिमीटरचं भोक पाडायचं. टोकाचा सुईसारखा ताण गोल भोकात विखुरतो आणि वेल्ड करताना उष्णतेने भेग पुढे पळत नाही. मग पातळ ग्राइंडिंग व्हीलने भेगेवर साधारण ६० अंशांची व्ही चर पाडायची, मुळापर्यंत. पाइप पातळ असेल तर चर पाडता पाडता आरपार फट होते, ती १.५ ते २ मिलिमीटर राहू द्या, त्यातूनच वेल्ड आतपर्यंत उतरतो. पहिला रन (वेल्डचा एक थर) टाकला की स्लॅग (वेल्डवर जमणारं कवच) ठोकून, ब्रशने साफ करून मगच दुसरा. शेवटी भोकही भरायचं आणि वरचा उंचवटा घासून सपाट करायचा. घासताना ग्राइंडरच्या चाकाचे ओरखडे पाइपच्या लांबीच्या दिशेने जाऊ द्या. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या भेगेला दिलेली जागा.

८. वरून पट्टी मारावी का? जितकी जाड तितकी बरी ना?

पट्टी मारावी, पण भेग नीट भरून झाल्यावर, तिच्याऐवजी नव्हे. आणि जाड नको. ३ मिलिमीटरच्या पाइपवर ८ ची पट्टी ठोकली तर तेवढा भाग दगडासारखा होतो, वाकायचं सगळं काम पट्टीच्या कडेला येऊन साचतं आणि तिथे पाइप तुटतो. मी पाइपच्या जाडीची किंवा फार तर १ मिलिमीटर जास्त घेतो. वजनही बघा: ८ मिलिमीटर जाड, १०० रुंद आणि १ मीटर लांब पट्टी सव्वासहा किलोच्या वर जाते.

आकार त्याहून महत्त्वाचा. चौकोनी पट्टीच्या दोन टोकांना पाइपवर आडवा वेल्ड येतो, आणि आडवा वेल्ड थकव्याला सगळ्यात नाजूक असतो. काहीजण म्हणून टोकं उघडी सोडतात आणि फक्त लांब बाजू वेल्ड करतात. रस्त्यावरच्या ट्रॉलीला ते चालतं, पण होडीच्या ट्रेलरला त्या उघड्या फटीतून खारं पाणी शिरतं आणि पट्टी फुगते. यावर उपाय म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी. दोन्ही टोकं निमुळती, कोपरे गोलसर, आणि चारी बाजूंनी अखंड वेल्ड. कुठेच पूर्ण आडवा वेल्ड नाही आणि पाण्याला फटही नाही.

पट्टी शक्यतो पाइपच्या उभ्या बाजूंवर लावा. हिच (ट्रेलर गाडीला जोडायचं टोक) आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये सांगाड्याची खालची बाजू ताणली जाते, अ‍ॅक्सलच्या मागे वरची. ज्या बाजूला ताण आहे तिथे आडवा वेल्ड टाळायचाच.

९. रॉड ६०१३ चा घेऊ की ७०१८ चा? अँपिअर किती ठेवू?

पातळ बॉक्स पाइपला ६०१३ पुरेसा आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेल्डरचा हात त्यावर बसलेला असतो. २.५ मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो. ३ मिलिमीटरच्या पाइपला मी ७५ च्या आसपास सुरुवात करतो आणि आधी भंगाराच्या तुकड्यावर बघतो. ३.१५ चा रॉड ९० ते १३० घेतो, तो जाड प्लेट आणि हँगरसाठी.

जाड चॅनल, पाट्यांचे हँगर, दांड्याचा मुख्य सांधा अशा जोराच्या जागी ७०१८ चांगला. त्याचा वेल्ड चिवट असतो, लवकर तडकत नाही. पण त्याला शक्यतो डीसी मशीन हवं, होल्डर पॉझिटिव्हला, आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यामधली ठिणगी) अगदी आखूड, आणि रॉड कोरडा. महिनाभर उघड्या पाकिटात पडलेला ७०१८ वापरण्यापेक्षा कोरडा ६०१३ बरा.

१०. मिगने काम सफाईदार होतं म्हणतात. ते करावं का?

मिगमध्ये रॉडऐवजी तार आणि वर गॅसचं आवरण असतं. शेडमध्ये, आडोशाला, जरूर. किनाऱ्यावर किंवा उघड्यावर नको. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की गॅसचं आवरण उडून जातं आणि वेल्ड आतून स्पंजासारखा होतो. उघड्यावर काम करायचंच असेल तर साधा रॉड, आणि सकाळी वारा पडलेला असताना.

११. १ ऑगस्टला होड्या सुरू होतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करून द्याल का?

यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवरची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. सगळ्यांना ट्रेलरची आठवण साठाव्या दिवशी होते. नड मला समजते, पण तो वर्षातला या कामाला सगळ्यात वाईट आठवडा. हवा इतकी दमट असते की रॉडचं आवरण ओल शोषतं, वेल्डमध्ये छिद्रं येतात, आणि रंग धरत नाही. वेल्डिंग एक वेळ जमवता येतं, रंग जमत नाही. आणि रंगाशिवाय पाण्यात गेलेला वेल्ड पुढच्या मे महिन्यात परत माझ्याकडे येतो.

करायचंच असेल तर छपराखाली, सुक्या जमिनीवर. सांध्यावर आधी गॅसची ज्योत फिरवून ओल उडवायची. ६०१३ चे रॉड सुमारे १०० ते ११० अंशांवर तासभर सुकवायचे, त्याहून जास्त भाजायचे नाहीत. ७०१८ ला २५० ते ३५० अंश लागतात, नेमकं तापमान पाकिटावर दिलेलं असतं. आणि जिवाचं बघा. वेल्डिंग मशीनच्या होल्डरवर रिकाम्या वेळी ८० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. सुक्या हाताला तो कदाचित फारसा जाणवणार नाही, भिजलेल्या अंगाला मारू शकतो. सुके हातमोजे, पायाखाली सुकं प्लायवूड, आणि मशीनच्या लाइनवर अर्थ लीकेज ट्रिप (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

ट्रेलर मे महिन्यात होडी उतरवल्या उतरवल्या आणा, किंवा मोकळा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या दिवसांत तेच काम निम्म्या त्रासात दुप्पट टिकाऊ होतं.

१२. ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड आहे. वेल्डर म्हणतो दूध पिऊन करतो, काही होत नाही. खरं का?

नाही. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. जस्त ९०७ अंशांला उकळतं, आर्क त्याच्या कितीतरी पट तापतो, त्यामुळे पांढरा दाट धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुतेक रात्री, थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, अंग ठणकतं. एक-दोन दिवसांत उतरतं. दुधाने यातलं काहीच अडत नाही, कारण धूर पोटात नाही, फुप्फुसात जातो. मी स्वतः उमेदवारीच्या काळात बार्जच्या बंद कप्प्यात हा ताप काढलाय. दम लागत असेल किंवा ताप उतरत नसेल तर डॉक्टरकडे जायचं आणि जस्ताच्या धुरात काम केलं हे स्पष्ट सांगायचं.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना ५० मिलिमीटरपर्यंत जस्त घासून काढा, निळसर पांढरा थर जाऊन उघडं लोखंड दिसेपर्यंत. पाइपच्या आतलं जस्त काढता येत नाही, म्हणून काम मोकळ्या हवेत, वारा पाठीमागून नव्हे, बाजूने येईल असं बसून, आणि धातूच्या धुरासाठीचा फिल्टर मास्क लावून. रुमाल बांधून उपयोग नाही. जस्त राहिलं तर वेल्डही खराब होतो, छिद्रं पडतात आणि तो कडेने तडकतो.

१३. वेल्ड झालं. आता रंग कोणता, आणि पाइपच्या आत काय करायचं?

सगळा स्लॅग आणि उडालेले थेंब काढा, वेल्डच्या कडेचा काळा थर ब्रशने घासा, परत एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवून वाळवा. त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांत झिंक रिच प्रायमर (जस्ताची पूड असलेला अस्तराचा रंग). त्यावर इपॉक्सी, आणि वर उन्हासाठी पॉलियुरेथेन. साधा ऑइल पेंट थेट लोखंडावर मारला तर एक मोसमही निघत नाही. लोखंड हवेतल्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम असायला हवं, नाहीतर रंग न दिसणाऱ्या दवावर बसतो. पहाटे आणि संध्याकाळी रंग टाळायचा तो यासाठी.

पाइपच्या आतली बाजू वेल्डच्या उष्णतेने उघडी पडलेली असते. प्रत्येक पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी, दोन्ही टोकांना १० ते १२ मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक ठेवा, आणि त्यातून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारा. जळकं इंजिन ऑइल ओतू नका. पहिल्याच फेरीत ते नदीत उतरतं. यापुढे पाण्यातून ट्रेलर वर आला की त्याच भोकातून गोड्या पाण्याचा पाइप लावून पाच मिनिटं धुवा. हे काम रंगापेक्षाही जास्त वाचवतं.

संपूर्ण सांगाडा नवा करत असाल तर वेल्डिंग पूर्ण करून मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवायला) पाठवा. जस्ताचं ते कुंड सुमारे ४५० अंशांचं असतं. पाइपला हवा जायला भोकं नसतील तर आतली ओल वाफ होऊन पाइप फुटतो.

१४. मग बंद पाइप साध्या वेल्डिंगलाही फुटू शकतो का?

हो. दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपमध्ये पाणी असेल तर वाफ कोंडते. नसलं तरी शेवटचा टाका बंद होताना आतली गरम हवा वितळलेलं लोखंड बाहेर फेकते. आधी भोक, मग वेल्ड.

१५. अ‍ॅक्सल, पाटा किंवा हिचला भेग गेलीय. तेही भरून द्याल का?

नाही, कितीही ओळख असली तरी. पाटे कडक स्प्रिंगच्या पोलादाचे असतात. वेल्डच्या शेजारी ते काचेसारखे ठिसूळ होतात. अ‍ॅक्सलला वेल्ड केला की नेमक्या जास्त ताणाच्या जागी कमकुवत रेघ पडते. हिचचा कपलर ओतीव किंवा घडीव असतो, आणि तो सुटला तर होडीसकट ट्रेलर समोरच्या गाडीवर जातो. हे भाग बदलायचे. रिमचंही तेच.

१६. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर आहे, दुरुस्त होईल?

होईल, पण एसी करंटवरचं टिग मशीन (गॅसच्या आवरणात, तार वेगळी भरून वेल्ड करणारं) आणि अ‍ॅल्युमिनियमवर रोज काम करणारा हात लागतो. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूची वेल्डजवळची ताकद बरीच उतरते, त्यामुळे सांधा मूळच्याइतका कधीच राहत नाही. खाऱ्या पाण्यासाठी ५३५६ ची फिलर तार घ्यावी. पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमला बोल्टने जोडपट्टी लावणं जास्त भरवशाचं ठरतं. साध्या वेल्डरकडे नेऊ नका.

१७. गंजूच नये म्हणून एसएसची पट्टी मारली तर?

लोखंडाला एसएस (स्टेनलेस स्टील) जोडता येतं, त्यासाठी ३०९ एल रॉड लागतो. पण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की जास्त सहज गंजणारा धातू झिजतो, म्हणजे पट्टी चकचकीत राहते आणि शेजारचं तुमचं लोखंड जास्त वेगाने जातं. लोखंडी सांगाड्याला लोखंडी पट्टी. नट-बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या.

१८. वेल्डिंगनंतर ट्रेलर एका बाजूला ओढतो. असं का झालं?

वेल्ड थंड होताना आकसतो आणि सांगाडा आपल्याकडे ओढतो. हिचच्या टोकापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर टेपने मोजा, सारखं हवं. मी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक सोडत नाही. म्हणूनच आधी सगळीकडे टाके मारायचे, मोजायचं, मग छोटे-छोटे रन आलटून पालटून दोन्ही बाजूंना टाकायचे.

१९. दुरुस्तीमुळे आरसीला काही अडचण येते का?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणून सार्वजनिक रस्त्यावर न्यायचा तर नोंदणी हवी. जसं होतं तसं परत करणं ही दुरुस्ती. लांबी वाढवणं, अ‍ॅक्सल वाढवणं म्हणजे आरसीवरच्या तपशिलात बदल, आणि कलम ५२ खाली तो परस्पर करता येत नाही. चॅसी नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका. नंबर नेमका गंजलेल्या तुकड्यावर असेल तर कापण्याआधी आरटीओला विचारा आणि त्याचे फोटो काढून ठेवा.

२०. खर्च किलोवर सांगा ना.

नवं काम किलोवर सांगता येतं. दुरुस्तीत वेळ घासण्यात, धुण्यात आणि मोजण्यात जातो, वेल्डिंग शेवटचा तासभर. फोटोवरून आकडा देणाऱ्याने पाइप ठोकून बघितलेला नसतो.

२१. होडी ट्रेलरवर आहे, किनाऱ्यावरच भेग दिसली, आणि आजच घरी न्यायचंय. काय करू?

पहिल्यांदा भेग किती ते बघा. पाइपच्या एका बाजूला, बोटभर असेल तर पुढचं वाचा. दोन बाजूंना वळलेली असेल, किंवा अ‍ॅक्सल, हिच, पाट्यावर असेल तर ट्रेलर हलवू नका. होडी तिथेच उतरवून ओंडक्यांवर वर ओढा.

बोटभर भेगेसाठी: इंजिन, इंधनाची टाकी, नांगर, जाळी सगळं उतरवून टेम्पोत टाका. भेगेच्या दोन्ही बाजूंना निदान दीड-दोन फूट पुढे जाईल असा चॅनलचा किंवा अँगलचा तुकडा पाइपला लावून तीन-चार यू-बोल्टने आवळा. किनाऱ्यावर वेल्डिंग करू नका, वाळू, वारा आणि मीठ तिन्ही वाईट. भेगेच्या टोकावर खिळ्याने खूण करा. मग २० च्या वेगाने निघा, पहिल्या किलोमीटरला थांबा आणि खूण बघा. भेग खुणेपुढे सरकली असेल तर ट्रेलर तिथेच कडेला लावा आणि होडी दुसऱ्या वाहनाने न्या.